थर्माकोलचे दोन थर

केकवालीने फळीवरून दोन पांढरे गोल थर काढले, टेबलावर एकावर एक ठेवले आणि वरच्यावर टिचकी मारली. टक्क असा कोरडा आवाज आला.

"थर्माकोल," ती म्हणाली. "बाहेरून खरं क्रीम लावून देते. त्यावर सगळ्यात वरचा थर तेवढा खरा केक. फोटोत तीन थर, पैसे एकाचे आणि वर थोडेसे. पाहुण्यांना वाटायचा साधा केक आत तुकडे करून ठेवायचा, तो तर एरवीही लागतोच. कुणाच्या बापाला कळत नाही."

नवऱ्या मुलीचा बाप समोरच बसला होता. सुतार माणूस.

मुलीचा चेहरा खुलला. तीन थरांचा केक तिला हवा म्हणजे हवाच होता. होणाऱ्या नणंदेच्या लग्नात चार थरांचा होता आणि त्याचा हा एवढा मोठा फोटो सासरी टीव्हीच्या वर टांगलाय. लग्नानंतर रोज त्या फोटोखाली बसून चहा प्यायचा, आणि आपला केक बुटका, हे तिला वर्षभर डाचत होतं. चार नाही तर नाही, तीन तरी. आता सुटली बिचारी.

सुताराने थर उचलून वजन जोखलं, कडेवरून अंगठा फिरवला. काम चोख होतं, आणि चोख कामाला नावं ठेवणं त्याला कधी जमलं नाही.

"हाताला सफाई आहे तुमच्या," तो म्हणाला. "पण कापायचं कुठून?"

"फक्त वरचा थर. सुरी इथवरच न्यायची." केकवालीने बोटाने रेघ दाखवली. "खाली गेली की कर्रकन वाजते. मागच्या महिन्यात एका नवरदेवाने दिली जोरात दाबून. बसली अडकून. तो ओढतोय, नवरी ओढतेय, आणि व्हिडिओवाला मन लावून शूटिंग करतोय."

मुलगी खो खो हसली. सुतार हसला नाही.

"म्हणजे चारचौघांत, नवऱ्याच्या हातावर हात ठेवून पहिलंच काम करायचं, तेही जपून जपून," तो म्हणाला. "बिंग फुटू नये म्हणून."

"बाबा, केक आहे तो. कपाट नाही."

"कपाट असतं तरी हेच म्हटलं असतं."

"मग तीन थर खरे घ्या ना."

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. केकवाली उगाच टेबल पुसायला लागली.

आता बाप काय म्हणणार, हे मुलीला पाठ होतं. बघू. त्यांच्या घरात 'नाही' कुणी म्हणतच नसे. सायकल? बघू. शाळेची सहल? बघू. बघू म्हटलं की मुलीने पुन्हा विचारायचं नाही आणि बापाने पुन्हा विषय काढायचा नाही, असं दोघांचं न बोलता ठरलेलं. बघू म्हणजे नाही, हे तिला सहाव्या वर्षीच कळलं होतं. तरी दर वेळी वेड्यासारखी महिनाभर वाट बघायचीच.

"नाहीयेत गं तेवढे पैसे," सुतार म्हणाला.

अगदी साध्या आवाजात म्हणाला. कान तेवढे लाल झाले होते. "एका थराचे आहेत. चांगल्यातल्या चांगल्या एका थराचे. पुढचं नाही जमत."

असं काही ऐकावं लागलं तर आपल्याला मेल्याहून मेल्यासारखं होईल, असं मुलीला आजवर वाटायचं. तसं काही झालं नाही. डोळे भरून आले, पण मन एकदम हलकं झालं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा बाप तिच्याशी मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोलला होता. तिने त्याच्या हातातला थर काढून घेतला आणि फळीवर ठेवून दिला.

"मावशी, एकच थर. वरपासून खालपर्यंत केक."

"टेबलावर लहान दिसेल हं," केकवाली म्हणाली. आधी सांगितलेलं बरं असतं, नाहीतर मागाहून भांडायला येतात लोक.

"असू दे. पण थांबा, आधी त्याला सांगते. त्याच्या घरी तीन थर सांगून बसलेय मी."

"घरी जाऊन निवांत सांग," सुतार म्हणाला.

"घरी गेले की काहीतरी रचून सांगेन. आत्ताच."

आत मिक्सर घरघरत होता, ऐकू येईना, म्हणून तिने फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

"अरे, ते तीन थर होत नाहीयेत. एकच घेतेय. बाबांकडे तेवढे पैसे नाहीत, आणि माझ्याकडेही नाहीत."

ऑर्डर लिहायला घेतलेलं पेन केकवालीने तसंच धरून ठेवलं.

"बरं झालं बोललीस," शेवटी नवरदेव म्हणाला. "सूट शिवायला टाकलाय म्हणालो होतो ना? टाकलेला नाहीये. भावोजींचा मागून आणलाय. महिनाभर कसं सांगू, कसं सांगू, हेच चाललंय माझं."

"होतोय का अंगाला?"

"होतो तसा. बाह्या आखूड आहेत. केक कापायला हात पुढे केला की मनगटं दिसणार."

मुलीने बापाकडे बघितलं. तो तोंडावर हात ठेवून हसत होता.

"दिसू देत," ती म्हणाली.