बाहेरची खुर्ची

स्त्रियांचं मानसिक आरोग्य हा विषय पंचवीस वर्षं शिकवणाऱ्या डॉक्टरबाईंचा पहिला नियम विद्यार्थ्यांना तोंडपाठ होता: बाईला बोलू द्या, सोबतच्या माणसाला बाहेर बसवा. त्यांच्या स्वतःच्या आईची झोप सहा महिने उडाली होती, आणि विचारलं की ती फक्त "काही नाही गं" म्हणायची. शेवटी डॉक्टरबाई आईला एका जुन्या विद्यार्थिनीच्या दवाखान्यात घेऊन गेल्या.

"आजी, झोप कशी लागते?"

"पहाटेच उठून बसते," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"आणि भूक?"

"कसली भूक! दोन घास खाल्ले की ताट सरकवते."

विद्यार्थिनीने उठून अदबीने दार उघडलं. "मॅडम, बाहेर खुर्ची आहे."



दार पुरतं लागायच्या आतच आईचा आवाज आला, "बरं केलंस, पोरी. आता झोपेचं परत विचार."