'अ' की 'द'

बाईंनी नववीच्या वर्गात खेळण्यातला फोन आणला होता. एकेकाने पुढे यायचं, परदेशात फोन लावायचा आणि इंग्रजीत काहीतरी मागवायचं. कुणी बूट मागवले, कुणी चक्क हत्ती.

"आर्टिकल खाऊ नका रे," बाई प्रत्येकाला दटावत होत्या. "अनोळखी असेल तर 'अ', ओळख पटली की 'द'."

एरवी तोंडही न उघडणारी शेवटच्या बाकावरची मुलगी आज आपणहून पुढे आली. फोन कानाला लावून घडाघडा म्हणाली, "सर, प्लीज सेंड बॉडी."

वर्ग खो-खो हसला. बाईंनाही हसू आवरेना.

"अगं, बॉडी काय? समबडी म्हण! 'कुणालातरी पाठवा' असंच म्हणायचंय ना?"

"नाही बाई, बॉडीच. ताई तिकडे घरकामाला होती. गेल्या आठवड्यात वारली. तिच्या मालकांना इंग्रजीच कळतं, म्हणून घरून फोन मीच करते."

तिने अजूनही फोन कानावरून काढला नव्हता.

"त्यांनी काल फोटो पाठवला, बाई. आईने ओळखलं. म्हणजे आता 'द' लावायचं ना?"