एकतिसावा अध्याय

"हे दारावरचं कोण कोणाला म्हणालं, ताता?" ओर्फेलिनाने विचारलं.

बाउदिलिओने चुलीवरची किटली उगाच उचलली आणि परत ठेवली. नेमका हाच प्रश्न यायला नको होता.

बेटावर पाद्री वर्षातून एकदा होडीने यायचा. एरवी प्रार्थना, बाप्तिस्मे, मर्तिकं, सगळं फिस्काल म्हणून बाउदिलिओच पाहायचा. सहा वर्षांपूर्वी ओर्फेलिनाचा नवरा रोसामेल दूर दक्षिणेला मेंढ्या कातरायला निघाला, तेव्हा त्याने दारावर कोरायला एखादं वचन मागितलं. बाउदिलिओने देवाच्या एका चित्रामागे छापलेलं दिलं. आपण एकमेकांपासून दूर असताना परमेश्वर तुझ्यामाझ्यावर नजर ठेवो. लोकांना ते इतकं आवडलं की आणखी चार दारांवर चढलं.

बाउदिलिओ स्वतः पन्नाशीत अक्षरं शिकलेला. पवित्र शास्त्रातला ज्यात ते वचन येतं तो सबंध अध्याय त्याने वाचला तो पुढच्या हिवाळ्यात, आणि त्याला घाम फुटला. ते प्रेमाचं बोलणं नव्हतंच. एकमेकांवर काडीचा विश्वास नसलेल्या दोन माणसांनी एकमेकांना दिलेली ती तंबी होती.

आता त्याच्याकडेच ओर्फेलिना वाचायला शिकली होती. शनिवारच्या बोटीने रोसामेल कायमचा परत येत होता. सहा वर्षं ही बाई त्या वाक्याखालून आत-बाहेर करत होती, आणि नवरा यायच्या आठवड्यातच त्याचा खरा अर्थ तिला कळणार होता. तिचं मन मोडलं तर ते पाप आपल्याच माथी, असं त्याला वाटत होतं.

आधीचं सगळं मेंढ्यांचं आहे, ठिपक्यांच्या नि पट्ट्यांच्या, तुझं डोकं दुखेल, असं सांगून त्याने दोन दिवस काढले.

"मेंढ्यांतच तर माझा नवरा आहे," ती म्हणाली. "वाचा."

मग त्यांनी वाचलं. खिडकीबाहेर धुकं होतं. समोरचं बेट, जिथे तिची बहीण राहायची, क्षणभर दिसायचं आणि पुन्हा दुधात विरून जायचं. ओर्फेलिना उजव्या हाताचं बोट ओळीखाली सरकवत होती. डावा कोपर तिला सरळ करता येत नसे, रोसामेल घरी होता तेव्हापासून. शिडीवरून पडले, असं ती सांगायची.

सासरा लाबान मेंढ्या कातरायला गेला. तेवढ्यात जावई याकोब बायका, मुलं, गुरं, होतं नव्हतं ते घेऊन नदीपार झाला. इथे तिचं बोट थांबलं. तिने ती ओळ पुन्हा वाचली. मग नुसते ओठ हलवत आणखी एकदा. हिला आपलं माणूस आठवलं, असं वाटून बाउदिलिओने मान फिरवली.

पुढे लाबानने त्यांना गाठलं. दोघांनी दगडांची रास रचली. मी ही ओलांडून तुझ्याकडे येणार नाही, तूही माझ्याकडे यायचं नाहीस. आणि त्यातच, लाबानच्या तोंडी, ते वचन होतं.

"पोरी, चूक माझी आहे," बाउदिलिओ म्हणाला. "मला तेव्हा एवढी एकच ओळ ठाऊक होती."

तिने बोट पुन्हा दगडांच्या ओळीवर नेलं.

"मग सासरा परत कधी आला का दगड ओलांडून?"

"नाही. सकाळी उठला, लेकी-नातवंडांचे मुके घेतले आणि घरी गेला. पुन्हा आला नाही."

"चांगलं झालं," असं म्हणून तिने पुस्तक मिटलं. ती रडली नाही, याचंच त्याला जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती दारोदार जाऊन मिंगा, म्हणजे सगळ्या गावाची हातमदत, मागून आली. टेकडीवरचं तिचं लाकडी घर अख्खंच किनाऱ्यावर ओढून न्यायचं, शुक्रवारी, मोठ्या भरतीला. मिंगाला कोणी नाही म्हणत नाही. जेवण तिच्याकडे. बाउदिलिओचा जीव भांड्यात पडला. बोटीतूनच नवऱ्याला घर दिसावं म्हणून ही त्याच्यासाठी घर खाली आणतेय. तिने ते वचनसुद्धा माफ केलं. हे त्याने भेटेल त्याला सांगितलं. बायका ऐकून घेत आणि पुन्हा बटाटे किसायला लागत.

शुक्रवारी बैलांच्या आठ जोड्या लागल्या. पायाच्या दगडांवरून घर हलकेच सुटलं आणि लाकडी ओंडक्यांवरून घसरत निघालं. धुक्यात बैलांचे पाय दिसत नव्हते. घर आपलं आपणच चालल्यासारखं वाटत होतं, धुराड्यातून अजून थोडा धूर निघत होता. बाउदिलिओ पुढे प्रार्थना म्हणत चालला होता.

"ताता, बाजूने चाला," बैल हाकणारा एलिओदोरो म्हणाला. "उंबऱ्याखाली फिस्काल सापडला तर प्रार्थना कोण म्हणणार?"

किनाऱ्यावर बैल सोडले. पण माणसं थांबली नाहीत. त्यांनी घराला चहूबाजूंनी रिकामी पिंपं बांधली. पाच होड्यांनी दोर घेतले. पाणी चढत गेलं, आणि घर एकदा डुललं, मग तरंगू लागलं. ओर्फेलिना पुढच्या होडीत बसली होती. होडीचं तोंड समोरच्या बेटाकडे होतं.

बाउदिलिओ गुडघाभर पाण्यात शिरला.

"अगं पोरी, उद्या रोसामेल येतोय ना."

"ठाऊक आहे, ताता," ती वल्हं उचलत म्हणाली. "म्हणून तर शुक्रवार धरला."