वाचले, समजले

प्राणेशने भातगिरणीतल्या यंत्राच्या पॅनेलवरची तारीख नऊ दिवस मागे नेली. एकोणीस होती, ती दहा केली. कोंड्याची धूळ एवढी की पडदा बाहीने पुसल्याशिवाय आकडे दिसेनात.

काम म्हटलं तर दहा मिनिटांचं. कोंडा वाहून नेणाऱ्या स्क्रूचं झाकण उघडलं की पडद्यावर सूचना यायला हवी: 'झाकण उघडे आहे. स्क्रू आपोआप सुरू होऊ शकतो. हात घालू नये.' खाली एक बटण: 'वाचले, समजले'. ज्याची पाळी असेल त्याने ते दाबायचं, म्हणजे त्याचं नाव, तारीख, वेळ यंत्रात कायमची बसते. हा पडदा प्राणेशने पोंगलच्या आधी, नवं यंत्र बसवतानाच करायचा होता. राहून गेला म्हणे. राहून कसला जातोय, कंटाळा केला, दुसरं काय. आणि चौदा तारखेला वरुणरावांनी अडकलेला कोंडा काढायला हात घातला आणि उजव्या हाताची तीन बोटं गेली. तो पडदा प्राणेशने आज केला, अपघातानंतर पाच दिवसांनी.

गिरणीचे मालक, ज्यांना सगळे मुदलाळी म्हणतात, सकाळी पॅनेलपाशी येऊन उभे राहिले होते. "तीन वाजता सरकारी फॅक्टरी इन्स्पेक्टर बाई येतायत. सूचना होती आणि तरी हात घातला, तर चूक त्याची. भरपाई नाही, काम नाही, विषय संपला. सूचनाच नव्हती असं निघालं, तर पॅनेल कुणी केलं ते मी सांगणार." यापुढचं प्राणेशला कुणी सांगायची गरज पडली नाही.

वरुणराव अडीचला आले. उजवा हात कोपरापर्यंत बांधून गळ्यात अडकवलेला.

"या मामा, बसा," प्राणेश मराठीत म्हणाला. गिरणीत मराठी बोलणारे हे दोघेच. जुन्या मराठा राजवाड्यामागच्या एकाच गल्लीतली घरं. चारचौघांत तमिळ आणि मनातलं काही असलं की मराठी, ही त्यांची कायमची रीत. मराठीत बोलतोय म्हणजे आपल्या भल्याचंच, असं वरुणराव धरूनच चालायचे.

"ती बाई विचारणार, तुम्ही ह्या यंत्रावर होता ह्याला पुरावा काय? हजेरी कंत्राटदाराकडची. गिरणीत कुठे तुमचं नाव आहे का?"

"नाही की रे." वरुणरावांचा चेहरा उतरला. "बावीस वर्षं इथेच आहे मी."

"ते तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक. तिला कोण सांगणार? यंत्रात नाव असलं की कुणाची टाप आहे नाही म्हणायची. इथे दाबा."

पडद्यावर सगळं इंग्रजी. वरुणराव तमिळ पेपर रोज वाचत. इंग्रजीत त्यांना आकडे आणि स्वतःचं नाव, एवढंच वाचता यायचं. पॅनेलमध्ये तमिळ अक्षरं घालायचीही राहिली होती. तो कंटाळा आज बरा कामाला आला.

"काय लिहिलंय हे?"

"तुम्ही ह्या यंत्रावरचे, असं."

वरुणरावांनी डाव्या हाताचा अंगठा नेसलेल्या वेष्टीला पुसला आणि बटण दाबलं. पडद्यावर ओळ उमटली. प्राणेशने आधीच भरून ठेवलेलं नाव त्यांनी वाचलं, मग पुढचा आकडा.

"दहा कशी रे? आज एकोणीस ना?"

"अपघाताच्या आधीची हवी ना, मामा. आजची दिसली तर ती म्हणेल, आत्ता घुसवलं. हे कुणाजवळ बोलायचं नाही. तिने विचारलं, तुम्हीच दाबलं का, तर हो म्हणायचं."

"माझ्यासाठी तू नोकरी पणाला लावतोयस की रे," वरुणराव म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

प्राणेशला लाज वाटली, खरंच वाटली. ती वाटत असतानाच त्याने तारीख परत एकोणीसवर आणली.

बाई वेळेवर आल्या. त्यांनी झाकण उघडायला लावलं, सूचना वाचली, नोंदी काढायला लावल्या, ती ओळ वहीत उतरवून घेतली. मग तमिळमध्ये विचारलं, "हे तुम्हीच दाबलंत?"

"मीच, अम्मा."

"हे इंग्रजी आहे. तुम्हाला वाचता येतं?"

वरुणरावांनी पुन्हा पडद्यावरची ओळ पाहिली. हा प्रश्न प्राणेशने शिकवला नव्हता, त्याला तो सुचलाच नव्हता. त्याला वाटलं, आता बोंबललं सगळं. आणि खरं सांगायचं तर क्षणभर बरंही वाटलं.

मुदलाळी पुढे सरकले. "मॅडम, हे दोघे एका भाषेचे. घरी मराठी बोलतात. ह्याने त्यांना त्यांच्या बोलीत सगळं नीट सांगितलंय."

बाई वरुणरावांकडे वळल्या. "खरं का? मराठीत समजावलं तुम्हाला?"

वरुणरावांनी प्राणेशकडे पाहिलं. प्राणेश पायाखालच्या कोंड्याकडे बघत होता. पोरगं आपल्यापायी अडचणीत येतंय, एवढंच त्यांना कळलं.

"होय अम्मा," ते ठासून म्हणाले. "एकेक अक्षर समजावलं. आमच्या गल्लीतला मुलगा आहे, माझ्यापासून काही लपवत नाही."

बाईंनी तेही लिहून घेतलं आणि वही मिटली. मुदलाळी त्यांना कॉफीसाठी ऑफिसात घेऊन गेले.

वरुणराव जवळ आले, इकडेतिकडे पाहून हळूच घरच्या मराठी बोलीत म्हणाले, "बरोबर सांगितलों ना रे मी?"

"बरोबर सांगितलंत, मामा," प्राणेश म्हणाला.