बावीस मिनिटांचं गाणं

अकोल्याचा मुलगा पसंत होता, रविवारी सुपारी फुटणार होती. म्हणून दामिनी आपला आवडता मेटल बँड हेडफोन लावून, घरच्यांपासून लपवून ऐकायची.

शनिवारी तिच्या वडिलांनी, खुशालरावांनी, मागून येऊन तिच्या मोबाइलात डोकावलं. तोंडाला पांढरा रंग फासलेला, अंगावर पोळ्याच्या बैलासारखी झूल घेतलेला गायक किंचाळत होता. त्यांनी खुर्ची ओढली, एक हेडफोन स्वतःच्या कानात घातला आणि बावीस मिनिटांचं गाणं पुरं ऐकलं.

"रंग ओघळून राहिला त्याचा," ते म्हणाले. "आधी खोबरेल लावा लागते."

"तुमाले कसं माहीत, बाबा?"

"गावच्या दंडारीच्या नाटकात सात वर्षं राणी व्हायचो मी. लुगडं नेसून, नथ घालून."

"मंग सोडलं काहून?"

"तुया आईले लग्नानंतर समजलं."

स्वयंपाकघरात मिक्सर थांबला. खुशालराव तो पुन्हा सुरू होईपर्यंत गप्प बसले.

"अकोल्याच्या पोराले आयकवलं का हे?"

"नाही."

 

"उद्या आयकव. सुपारी फुटाच्या आधी. पुरे बावीस मिनिटं."