कोड पुसायचा का?

बायको दम कोंडून वारल्याचा फोन आला, तेव्हा मिस्त्री दुसऱ्याच्याच गाडीखाली आडवा होता.

तिच्या गाडीत इंजिनचा दिवा सारखा लागायचा. स्कॅनर जोडला की ऑक्सिजन सेन्सरच्या बिघाडाचा कोड यायचा. मिस्त्री काही न तपासता नुसता कोड पुसून टाकायचा, की दिवा विझायचा.

"अहो, हल्ली जिना चढताना मलाही दम लागतो," ती म्हणाली होती.

"मग तुझाही कोड पुसू का?" म्हणत तो हसला होता.

ती गेल्यावर काही दिवसांनी, आज मेव्हणा ती गाडी न्यायला आला. मिस्त्रीने नवा सेन्सर बसवला, स्कॅनर जोडला आणि इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवली. अशा वेळी सेन्सरचा आकडा एका जागी थांबतो.

पण आकडा सावकाश चढला. सावकाश उतरला. मध्येच अडकला आणि धाप लागल्यासारखा पुन्हा चढला.

"दाजी, आटपा की! लोकांच्या गाड्या चकाचक, अन् घरची कायम आजारी!" मेव्हणा बाहेरून ओरडला.

मिस्त्रीने सेन्सरची वायर उपटून हातात घेतली. आकडा चढत-उतरत राहिला.

मग नेहमीसारखा पडद्यावर प्रश्न आला: कोड पुसायचा का?

मिस्त्रीची मान खाली गेली. त्याने अजून कुठलंच बटण दाबलेलं नाही.