लांबूनच औक्षण

सातव्या वाढदिवसाला शर्वाणी पाटावर बसली. सुलभाआत्या ताम्हन घेऊन पुढे झाली, तशी तिच्या मनगटावरची किरण मोजणारी पट्टी लाल झाली. अशी पट्टी आता लहानथोर सगळ्यांच्याच हाताला असे. तिला थोडे आणि फार यातला फरक कळत नसे. लाल म्हणजे लाल.

पोरीच्या मेंदूतल्या गाठीत पाणी साठत होते, म्हणून डॉक्टरांनी त्याच गाठीत किरण सोडणारे औषध भरले होते.

आत्या थबकली. तिने लांबूनच निरांजन ओवाळले आणि अक्षता फेकल्या. त्या पाटाच्या अलीकडेच पडल्या.

"वन्सं, डॉक्टरांनी सांगितलंय ना? किरण गाठीतच राहतात, बाहेर येतात ते नावाला," शर्वाणीची आई वृंदा चिडून म्हणाली.

"मग पट्टी काय खोटं बोलते? एवढी खात्री आहे तर तूच ओवाळ की!"

वृंदाने ताम्हन हिसकावले आणि ती पाटाजवळ गेली. तिचीही पट्टी लाल झाली. तिला पाचवा महिना होता. मोकळा हात आपसूक पोटावर गेला.

शर्वाणीने ते पाहिले.

"आई, तू पण लांबूनच कर," ती म्हणाली, आणि भिंतीला पाठ टेकेपर्यंत पाटासकट मागे सरकली.